अस्थिमज्जेचा दावा आणि त्याचे खंडन : बॉस्टन येथील फुप्फुस-मूलपेशी संशोधनाची वाटचाल (२००१ ते २०२३)

विज्ञानाचा इतिहास सामान्यतः यशस्वी शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. जे दावे पुढे टिकले नाहीत त्यांची नोंद क्वचितच घेतली जाते. फुप्फुसविकारांवरील मूलपेशी-संशोधनाचा इतिहास लिहिताना मात्र हा प्रघात बाजूला ठेवावा लागतो. या क्षेत्रातील एका अग्रगण्य संशोधकगटाची जडणघडण समजून घ्यायची, तर त्याच्या आरंभीच्या दाव्यापासून आणि त्या दाव्याच्या खंडनापासूनच सुरुवात करणे इष्ट ठरते. प्रस्तुत लेखात बॉस्टन विद्यापीठातील डॅरेल कॉटन व त्यांचे सहकारी यांच्या कार्याचा या दृष्टीने विचार केला आहे.

मानवी फुप्फुसातील वायुकोशांना प्रामुख्याने दोन प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. पहिल्या प्रकारच्या पेशी अत्यंत पातळ व पसरट असून वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्या व्यापतात. प्राणवायूची देवाणघेवाण त्यांच्यातून होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी घनाकार असतात आणि वायुकोश मिटू नयेत यासाठी आवश्यक असलेला स्निग्ध द्रव त्या स्रवतात. पहिल्या प्रकारच्या पेशी नष्ट झाल्यास त्यांची जागा कोण घेते, या प्रश्नाचे उत्तर १९७०च्या दशकातच मिळू लागले होते. कॅनडातील ॲडमसन व बाउडेन यांनी १९७४ मध्ये प्राणवायूच्या अतिरेकाने इजा झालेल्या उंदरांचा अभ्यास केला. दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभाजित होऊन पहिल्या प्रकारात रूपांतरित होतात, असे त्यांना आढळले. १९७७ मध्ये रॉबर्ट मेसन व मेरी विल्यम्स यांनी तर या पेशींना वायुकोशाच्या रक्षक म्हटले. म्हणजे उत्तर फुप्फुसातच होते. तरीही शतकाच्या अखेरीस संशोधकांचे लक्ष फुप्फुसाबाहेर, अस्थिमज्जेकडे वळले.

याची कारणे त्या काळाच्या वातावरणात शोधावी लागतात. एका अवयवाची मूलपेशी दुसऱ्या अवयवाची पेशी होऊ शकते, ही कल्पना तेव्हा सर्वत्र मान्यता पावू लागली होती. मे २००१ मध्ये येल विद्यापीठाच्या डायान क्रॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेल' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. अस्थिमज्जेतील एकाच मूलपेशीपासून अनेक अवयवांच्या पेशी निर्माण होतात आणि फुप्फुसात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन विद्यापीठातील गटाचा निबंध 'डेव्हलपमेंट'मध्ये आला. खुणा केलेल्या अस्थिमज्जा-पेशी इजा झालेल्या उंदरांना टोचल्यावर त्या वायुकोशाच्या पहिल्या प्रकारच्या पेशींच्या रूपात आढळतात, हा त्याचा आशय. लेखकांत कॉटन यांच्यासह वेलिंग्टन कार्दोसो, ॲलन फाइन यांचा आणि १९७७ च्या त्याच मेरी विल्यम्स यांचाही समावेश होता. ज्यांनी रक्षक पेशीची महती सांगितली त्यांचेच नाव या नव्या दाव्यावरही असावे, हा योगायोग लक्षणीय आहे. अनुभवी नजरेलाही या कल्पनेने किती भुरळ घातली होती, हे त्यावरून दिसते.

दावा खरा ठरला असता तर त्याचे परिणाम दूरगामी होते. अस्थिमज्जा-रोपण ही तेव्हा रुळलेली उपचारपद्धती होती. फुप्फुसाच्या असाध्य विकारांवर तीच चालली असती, तर फुप्फुस-रोपणाची प्रतीक्षा करणाऱ्या रुग्णांना दुसरा मार्ग उपलब्ध झाला असता. परंतु २००२ मध्येच एमी वेजर्स व सहकाऱ्यांना रक्ताच्या मूलपेशींपासून इतर अवयवांच्या पेशी तयार होण्याचा लक्षणीय पुरावा आढळला नाही. पुढे २००५ मध्ये जे घडले ते अधिक महत्त्वाचे होय. कॉटन यांनी रिचर्ड मलिगन यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच अस्थिमज्जा फुप्फुसाचे अस्तर पुन्हा उभारण्यात अपयशी ठरते, असे स्पष्ट म्हटले होते. फाइन यांच्या गटानेही त्याच वर्षी तसाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. दोघांनीही दुसऱ्या कोणी आक्षेप सिद्ध करण्याची वाट पाहिली नाही.

आरंभीचा पुरावा फसवा का ठरू शकतो, हे फुप्फुसाच्या रचनेतच दडलेले आहे. फुप्फुसाची ऊती स्वतःच काही प्रमाणात प्रकाशमान असते, त्यामुळे खुणेचा प्रकाश आणि ऊतीचा प्रकाश यांत घोटाळा होतो. अस्थिमज्जेतून आलेल्या भक्षकपेशी वायुकोशाच्या भिंतीला इतक्या चिकटून असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या अस्तराच्याच पेशी वाटतात. केवळ चित्रावर विसंबणे पुरेसे नव्हते, हा धडा या गटाने घेतला.

याच शहरातील दुसरे उदाहरण येथे नोंदवणे आवश्यक आहे. २०११ मध्ये ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील पिएरो अन्व्हेर्सा यांच्या गटाने मानवी फुप्फुसात मूलपेशी सापडल्याचा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. या प्रयोगशाळेच्या संशोधन-अनुदानासंबंधी त्या रुग्णालयाने २०१७ मध्ये अमेरिकी शासनाशी एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि २०१८ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. चौकशीअंती संस्थांनी या गटाचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली होती. एका गटाने स्वतःचा दावा चार वर्षांत स्वतःच खोडून काढला. दुसऱ्याच्या बाबतीत संस्थांना हस्तक्षेप करावा लागला.

अस्थिमज्जेचा मार्ग बंद झाल्यावर जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलेली दिशा बॉस्टनच्या गटाला उपयोगी पडली. प्रौढ पेशीला पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या अवस्थेत नेण्यासाठी लागणारे चारही घटक एकाच विषाणू-वाहकात बसवण्याचे तंत्र गुस्ताव्हो मोस्तोस्लाव्स्की यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये सिद्ध केले. २०१० मध्ये त्याच तंत्राने सिस्टिक फायब्रोसिस, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता, स्क्लेरोडर्मा व सिकलसेल या विकारांच्या रुग्णांकडून शंभराहून अधिक पेशीवाण तयार झाले. कॉटन, मोस्तोस्लाव्स्की व जॉर्ज मर्फी या तिघांनी मिळून पुनरुत्पादक वैद्यकाचे जे केंद्र उभारले, त्याने हे पेशीवाण व त्यांच्या कृती इतर संशोधकांना खुल्या ठेवण्याचे धोरण स्वीकारले. हे धोरण उदार तर आहेच. पण ज्यांचा दावा एकदा तपासणीत टिकला नव्हता त्यांनी आपली सामग्रीच इतरांच्या हाती तपासणीसाठी द्यावी, यात सुसंगतीही आहे.

२०१२ मध्ये मूलपेशींपासून फुप्फुसाच्या आद्य पेशी, २०१७ मध्ये मानवी दुसऱ्या प्रकारच्या पेशी आणि २०२० मध्ये एल्के म्युलबर्गर यांच्या विषाणू-प्रयोगशाळेसह कोविडच्या विषाणूचा त्या पेशींवरील परिणाम, असा पुढील प्रवास झाला. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी उंदरांच्या श्वासमार्गात व वायुकोशांत रुजवल्याचे दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. रुजलेल्या पेशींची ओळख पटवताना त्यात केवळ सूक्ष्मदर्शकातील चित्रांचा आधार घेतलेला नाही. त्या पेशी फुप्फुसातून पुन्हा बाहेर काढून त्यांतील जनुकांचे कार्यही एकेका पेशीनिहाय तपासले आहे.