हत्तीची मोट आणि चामड्याची वाटी

रहिमतपुरास गेलो की मशीद आणि रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखली जाणारी कबर पाहून माझी पावले हत्तीच्या मोटेकडे वळतात. आदिलशाहीतील हा सुमारे ५० फुटी मनोरा. पश्चिमेस त्याला उतार. हत्तीच्या बळाने पाणी वर चढवायचे आणि त्या उंचीच्या दाबावर मशिदीचे कारंजे उडवायचे! एवढ्या उंचीचे पाणी पायथ्याशी दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोचा रेटा देते.

माझे आयुष्य क्रेनच्या सिलिंडरांत गेले. तेथे तेलाचा दाब याच्या शंभरपट. उचललेले ओझे हळूहळू खाली बसू लागले की उमेदवार पंपाला दोष देत. मी म्हणे, ‘बाबांनो, आधी झडप आणि सील पाहा. ओझे जमिनीला टेकवा, दाब सोडा, मगच दट्ट्या काढा. नळकांड्याच्या आतून नख फिरवा. ओरखडा लागला तर नवे सीलही टिकणार नाही.’ एकदा घाईत मीच तो ओरखडा सोडला. आठवडाभरात ओझे पुन्हा खाली येऊ लागले. खाली कोणी नव्हते, ही देवाची कृपा.

१७९५ साली इंग्लंडात ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचेही घोडे इथेच अडले होते. फटीतून पाणी निसटे. उपाय निघाला चामड्याच्या वाटीचा. श्रेय त्याचा सहकारी मॉड्स्ले यास देतात. दाब वाढे तसे वाटीचे ओठ भिंतीस अधिकच चिकटत. आजची सीले रबराची, पण युक्ती तीच.

आपली मोटही चामड्याचीच की! म्हणून त्या मनोऱ्यापाशी मला हत्तीच्या आधी मोट शिवणारा अनाम कारागीर आठवतो.