छिन्नमनस्कतेचा पुनरुद्भव : एक ऐतिहासिक विचार

बरे होत आलेले दुखणे पुन्हा बळावले म्हणजे ते 'उलटले' असे आपल्याकडे म्हणतात. छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया, या विकारात ते का उलटते, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. आणि त्या उत्तरांवर रोग्याचे भवितव्य अवलंबून राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन याने या विकारास अकाली बुद्धिभ्रंश मानले. 1908 मध्ये ब्लॉयलर याने त्यास आजचे नाव दिले. परंतु ऱ्हास अटळच असेल, तर पुनरुद्भवाचे कारण शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 मध्ये स्थापन झाले, त्या काळी अशा संस्थांचे मुख्य कार्य रोग्यास सांभाळणे हेच होते.

1952 मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला आणि रोगी घरी परतू लागले. तेव्हाच हा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. औषध खंडित होणे हे त्याचे पहिले उत्तर होय. 2012 मध्ये एकत्र अभ्यासलेल्या 65 चाचण्यांत, वर्षभरात औषध घेणाऱ्यांपैकी 27 टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी 64 टक्के रोग्यांचा आजार उलटल्याचे आढळले. तथापि औषध घेणाऱ्यांतही पुनरुद्भव होतो, ही गोष्ट उरतेच. लंडनमध्ये ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दाखविले की, टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी असलेल्या घरी परतलेल्यांपैकी 58 टक्के नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. इतर घरांत हे प्रमाण 16 टक्के होते. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगढच्या अभ्यासात अशा तीव्र भावनेची घरे लंडनपेक्षा पुष्कळच कमी आढळली.

आता छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडील हर्सूलचा विचार करावा. हे नाव सर्वत्र परिचित आहे ते तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे. मनोरुग्ण आणि कारागृह यांचा संबंध आपल्या देशात जुना आहे. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये दिला. निजामी राजवटीत मनोरुग्णालय जालन्यास, म्हणजे येथून सुमारे 60 किलोमीटरवर होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीच ते हैदराबादेस गेले. पुढे दीर्घकाळ महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथेच राहिली; मराठवाड्यात एकही नव्हते. हर्सूलच्या रोग्यास घाटी रुग्णालय जवळ आहे. परंतु अजिंठा रस्त्याने फुलंब्री-सिल्लोडकडून येणाऱ्यास प्रत्येक फेरीत एका दिवसाची मजुरी गमवावी लागते. अशा वेळी औषध थांबते, ते केवळ रोग्याच्या हट्टामुळे थांबते असे म्हणता येत नाही.

या इतिहासाचा विपर्यास करून घरासच दोषी ठरविणेही योग्य नव्हे. अतिकाळजी करणारी आई बहुधा एकटीच झुंजत असते. कुटुंबास आजार समजावून देऊन आधार दिल्यास पुनरुद्भव कमी होतो, हे लेफ यांनी 1982 मध्ये दाखवून दिले आहे. सारांश, दुखणे उलटणे हे ना प्राक्तन, ना रोग्याचा अपराध. औषध, घर व रुग्णालय यांना जोडणारा दुवा जेथे तुटतो, तेथेच त्याचे कारण प्रथम शोधावयास हवे.