एका दिवसाचे दागिने

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट, नाणी आणि शिलालेख उभे राहतात. जी वस्तू टिकली तिची नोंद झाली. जी टिकली नाही ती विस्मृतीत गेली. आज मी ज्या दागिन्यांविषयी चार शब्द बोलणार आहे, ते टिकण्यासाठी घडविलेलेच नसतात. ते सोन्याचे नव्हेत, रुप्याचेही नव्हेत. संक्रांतीच्या सणाला ते नव्या सुनेच्या किंवा तान्ह्या बाळाच्या अंगावर चढतात आणि सण सरला की घरातील मुलांच्या तोंडात विरघळून जातात. हे दागिने हलव्याचे. कोणत्याही पदार्थसंग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचा हलव्याचा तन्मणी आपणांस पाहावयास मिळणार नाही. परंतु म्हणून त्याला इतिहास नाही असे मात्र नव्हे.

गिरगावात, विशेषतः ठाकूरद्वारच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे दागिने दुकानात पाहण्याआधी घरात पाहिल्याचे स्मरत असेल. फणसवाडी, झावबाची वाडी, मुगभाट या भागांतील चाळींतून दोन खोल्यांचे बिऱ्हाड, पुढे सामाईक गॅलरी आणि स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, असा तो संसार होता. पौष महिना लागला की पहाटेच्या गारव्यात कोठे ना कोठे साखरेच्या पाकाचा वास सुटे, आणि कोणाकडे हलवा चालला आहे हे सगळ्या मजल्याला कळे.

हलवा करणे हे काम दिसावयास सोपे आणि करावयास मोठे कठीण. प्रथम साखरेचा एकतारी पाक करावयाचा. त्यात थोडे दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावयाची आणि पाक स्वच्छ गाळून घ्यावयाचा. शेगडीतील निखारे राखेने झाकून आच मंद करावयाची. पसरट परातीत तीळ, खसखस, साबुदाणा, वेलचीचे दाणे किंवा लवंगा घ्यावयाच्या. मोठा दाणा हवा असेल तर शेंगदाणा अथवा हरभऱ्याची डाळ. त्यावर चमचाभर पाक सोडावयाचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवीत राहावयाचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असे तासन् तास, आणि दाणा मोठा हवा असल्यास दोन-तीन दिवससुद्धा. आच वाढली तर आलेला काटा वितळतो. हात थांबला तर दाणे एकमेकांस चिकटतात. हवा दमट असली तर पाक सुकतच नाही. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावी थंडीच्या दिवसांतील पहाट एवढीच काय ती या कामाला अनुकूल वेळ, आणि संक्रांतही नेमकी त्याच दिवसांत येते.

मग येते ओवण्याचे काम. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही. पाडावयास गेले तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करून त्यात एकेक दाणा अडकवावयाचा आणि गाठ मारावयाची. येथे दाण्याचा काटा उपयोगी पडतो. गुळगुळीत दाणा गाठीतून निसटेल. काटेरी दाणा दोरा धरून ठेवतो. आपण ज्या काट्याचे रूपासाठी कौतुक करतो, तो कारागिराच्या दृष्टीने सोयीचा आहे. अशा दाण्यांतून मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, नथ आणि बिंदी तयार होत. जावयासाठी हार आणि गुच्छ, क्वचित थट्टेने मनगटी घड्याळही. बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या चंद्रकळेवर ही पांढरी नक्षी किती खुलते, हे ज्याने पाहिले असेल त्याला अधिक सांगावयास नको.

आता या हलव्यातील साखरेकडे वळू. साखरेचे मूळ नाव शर्करा, आणि त्या शब्दाचा पहिला अर्थ खडी किंवा वाळू असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार सांगितलेले आहेत. हे शब्द पुढे फार दूरचा प्रवास करून गेले. शर्करेवरून अरबी, फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतील साखरेची नावे आली. खंडावरून इंग्रजीतील कँडी आली. फाणित हा शब्द फारसी आणि अरबी भाषांच्या वाटेने स्पेनमध्ये पोहोचला आणि तेथून अटलांटिक ओलांडून मेक्सिकोत गेला. तेथे आजही पितरांच्या सणाला साखरेच्या कवट्या, मेंढ्या आणि इतर लहान लहान आकृती करतात, आणि त्या कलेला अल्फेनिके म्हणतात. तोलुका या शहरात दरवर्षी तिची मोठी जत्रा भरते. आपले फाणित तेथे वेष बदलून बसले आहे.

उलट, आपल्या घरात साखरेची जी नावे रुळली ती बाहेरची. चिनी या शब्दात चीन आहे, मिश्रीत मिसर म्हणजे इजिप्त आहे, आणि आपल्या आजीच्या तोंडी असलेल्या मोरस साखरेत मॉरिशस आहे. 19 व्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर भारतातून गेलेले गिरमिटिये मजूर राबत होते. त्यांत आपल्या कोकणातील आणि देशावरील माणसेही होती. त्यांच्या श्रमाची साखर गलबतांतून आणि आगबोटींतून मुंबईच्या बंदरात उतरे. पांढऱ्या शुभ्र दाण्याचे कौतुक करताना तो कोणाच्या घामातून आला याचाही विसर पडू नये.

काटेरी दाण्याचे नातलगही जगात आहेत. पोर्तुगीजांनी आपल्या साखरेच्या गोळ्या जपानात नेल्या. 1569 साली लुईस फ्रॉइस या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला त्या काचेच्या बरणीतून नजर केल्याची नोंद आहे. जपान्यांनी त्यांना कोंपेइतो हे नाव दिले, आणि आज ती गोळी हुबेहूब आपल्या हलव्यासारखी काटेरी असते. तीही तापलेल्या कढईत पाक सोडीत दिवसेंदिवस फिरवावी लागते. दाणा सर्व बाजूंनी सारखा न वाढता त्याला काटे का फुटावेत, हा प्रश्न तोराहिको तेरादा या जपानी पदार्थवैज्ञानिकाला इतका ओढ लावणारा वाटला की त्याने त्यावर लेख लिहिला. आपल्या चाळींतील बायकांना कारण ठाऊक नव्हते. पण काटा केव्हा येतो आणि केव्हा मोडतो हे त्यांच्या बोटांना पक्के ठाऊक होते.

इटलीत सुल्मोना नावाचे एक गाव आहे. तेथे साखरेचे पूट दिलेले बदाम तारेत आणि रेशमात गुंफून फुले करतात आणि ती लग्नसमारंभांत देतात. ही गुंफण्याची कला प्रथम तेथील मठातील जोगिणींच्या हाती वाढली असे त्या गावात सांगतात. लग्न न केलेल्या स्त्रियांनी दुसऱ्यांच्या लग्नाचे अलंकार घडवावेत, ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला आमच्या घरातील एक व्यक्ती आठवली.

ती माझी आत्या. लहानपणीच तिला वैधव्य आले आणि त्यानंतर तिचे सारे आयुष्य आमच्या बिऱ्हाडात गेले. आमच्या मजल्यावर तिच्यासारखा हलवा कोणाला साधत नसे. पहाटे चारला ती शेगडीशी बसे आणि उजाडेपर्यंत परातीतील साबुदाण्याला काटा फुटलेला असे. कोणाच्या नव्या सुनेचा तन्मणी, कोणाच्या नातवाचा मुकुट, सारे तिच्याकडे येई आणि ती कोणाला नाही म्हणत नसे. संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका जमल्या की मात्र ती मागच्या खोलीत जाऊन बसे. एका वर्षी उरलेल्या दाण्यांची एक वेडीवाकडी बांगडी करून मी तिच्या हातात घालू लागलो. तिने ती काढून घेतली. “अरे, मला कशाला ती?” एवढेच म्हणाली आणि बांगडी देव्हाऱ्यातील बाळकृष्णापुढे ठेवली. तेव्हा मला काही कळले नाही. पुढे कळले, तेव्हा ती राहिली नव्हती.

श्रोतेहो, ही एका घराची गोष्ट नव्हे. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. अण्णासाहेब कर्वे यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. 1908 साली मुंबईत सेवासदनाची स्थापना झाली. कायदा आणि संस्था यांनी पुष्कळ केले. परंतु सणाचा दिवस हा कायद्याच्या हुकमतीबाहेरचा होता. वाण, कुंकू, काळे वस्त्र आणि हलव्याचे दागिने हे सौभाग्याचे लेणे मानले गेले आणि ज्या हातांनी ते घडविले त्यांपैकी पुष्कळ हात त्याला पारखे राहिले. हलव्याच्या दागिन्यांचा इतिहास लिहावयाचा तर ही बाजू गाळून चालणार नाही. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. कर्व्यांच्या आश्रमापासून या ठरावापर्यंत सव्वाशे वर्षे गेली.

या कलेवर दुसरी संकटेही आली. 1943 साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि साखर मोजून मिळू लागली. जिथे चहालाच साखर पुरेना तिथे दागिन्यांना कोठून पुरणार? पुढे साखर मुबलक झाली, पण वेळ दुर्मिळ झाला. घरातील स्त्री कचेरीत जाऊ लागली, शेगडी गेली, गॅस आला, आणि हलवा बाजारातून येऊ लागला. यात खेद मानण्यासारखे काही नाही. स्त्रीच्या श्रमाला मोल येणे ही इष्टच गोष्ट होय. याच गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाचा प्रचंड उद्योग उभा राहिला. पापड बारमाही खपतो. हलव्याच्या दागिन्यांना मात्र वर्षाकाठी एक महिना मिळतो. तरीही त्या एका महिन्याच्या मिळकतीवर घराला हातभार लावणाऱ्या स्त्रिया आजही मुंबईत आहेत, आणि त्यांचे दागिने परदेशांतील मराठी घरांपर्यंत जातात.

मात्र एक फरक झाला आहे. पुठ्ठ्यावर डिंकासारख्या पदार्थाने दाणे चिकटवून केलेले दागिने आता पुष्कळ दिसतात. ते देखणे असतात, झटपट होतात. पण ते खाता येत नाहीत. हलव्याचा दागिना खाता आला नाही तर त्यातील अर्धी गंमत संपली. अंगावरचा दागिना काढून दहा जणांत वाटून टाकावा, ही कल्पनाच किती सुंदर आहे! सोन्याच्या दागिन्याने घराघरांत वाटण्या आणि भांडणे झाली. हलव्याच्या दागिन्याने कोणाचे भांडण झाल्याचे मी ऐकलेले नाही. फार तर मोठा दाणा कोणी पळविला एवढ्यावरून मुलांची झटापट.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या संक्रांतीला आपल्या घरी निदान एक दागिना हाताने करून पाहा. उकळता पाक मोठ्यांनीच हाताळावा. वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी पुरते; किंचित गरम केलेला पाव वाटी साबुदाणा परातीत घ्यावा आणि पाक चमच्या-चमच्याने सोडावा. पहिल्या दिवशी काटा आला नाही तर निराश होऊ नये. पाक झाकून ठेवून दुसऱ्या पहाटे पुन्हा बसावे. तेवढेही जमले नाही तर हलवा विकत आणावा, पण ओवण्याचे काम मुलांकडे द्यावे. दुहेरी पांढरा दोरा, एक फास, एक दाणा, एक गाठ. तासाभरात बांगडी होते. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही ते येते. ओवताना दहातले चार दाणे तोंडात जातील, तेही जाऊ द्यावेत.

आणि बांगडी तयार झाली म्हणजे ती प्रथम कोणाच्या हातात घालावयाची, याचाही थोडा विचार करावा. घरात किंवा शेजारी कोणी आजी, आत्या, मावशी असेल, जिला आजवर या दिवशी मागच्या खोलीत बसावे लागले असेल, तिच्यापासून आरंभ करावा. तिने नको म्हटले तरी एकदा आग्रह करावा. माझ्याकडून तो राहून गेला.