पावसाळ्यातील पालेभाजी : धुण्याचा क्रम, कारणे आणि मर्यादा

श्रावण लागला की गोव्यातील अनेक घरांत मासळी काही काळ बाजूला राहते आणि स्वयंपाकघराचा सारा भार भाज्यांवर येतो. म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या बाजारांत तांबडी भाजी, मुळा, अळू, टाकळा अर्थात तायकिळो, सात शिरांची भेंडी यांचे वाटे मांडलेले दिसतात. त्यांच्या शेजारी बेळगावहून आलेली कोबी, फ्लॉवर, टोमॅटो आणि कोथिंबीर असते. मात्र याच दिवसांत भाजीला चिखल अधिक लागलेला असतो, विहिरींचे पाणी गढूळ होते आणि टायफॉइड, कावीळ, अतिसार यांसारख्या विकारांचा धोकाही वाढतो. भाजी कशी धुवावी, हा प्रश्न त्यामुळे घरातील आरोग्याशी थेट जोडलेला आहे.

भाजीवर नेमके काय असते?

भाजीच्या पृष्ठभागावर माती व कीटक, रोगजंतू, कृमींची अंडी आणि कीटकनाशकांचे अंश असू शकतात. यांपैकी माती व अळ्याच डोळ्यांना दिसतात. म्हणून चिखल गेला की भाजी स्वच्छ झाली, असा समज होतो. तो पुरेसा नाही.

टायफॉइडचे जंतू, ई. कोलायचे काही प्रकार आणि हिपॅटायटिस-ए या काविळीचा विषाणू मानवी वा प्राण्यांच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून भाजीपर्यंत पोहोचतात. जंत आणि पट्टकृमी यांची अंडीही याच मार्गाने येतात. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणाऱ्या पट्टकृमीची अंडी बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत जाऊन गाठी निर्माण करू शकतात व त्यातून आकडी येऊ शकते. असे मांस कधीही न खाणाऱ्या, पूर्ण शाकाहारी व्यक्तीलाही हा आजार होतो. त्याचे एक कारण कच्ची, नीट न धुतलेली पालेभाजी हे आहे.

धुण्याचा क्रम

प्रथम हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत. सिंक, सुरी, विळी आणि पाट स्वच्छ असावेत. मासळी वा मांस कापलेला पाट न धुता भाजीसाठी वापरू नये. त्यानंतर जुडी सोडून सडलेली, पिवळी व किडकी पाने काढून टाकावीत आणि मुळांकडील मातीचा भाग कापावा.

दुसरी पायरी रुंद पातेल्यातील पाण्याची. पाने पाण्यात हलवून काही मिनिटे स्थिर ठेवली की माती तळाशी बसते. यानंतर पातेले तसेच चाळणीवर ओतू नये, कारण तळाची माती पुन्हा पानांवर येते. पाने हातांनी वर उचलून घ्यावीत, पाणी फेकावे आणि पाणी निवळ दिसेपर्यंत ही कृती दोन-तीन वेळा करावी. हे पाणी परसातील केळीला वा माडाला घालता येते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. पाने थोडी थोडी घेऊन वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी हलके चोळावीत. कृमींची अंडी चिकट असतात आणि मीठ वा व्हिनेगरने मरत नाहीत; चोळणे आणि वाहते पाणी यांनीच ती सुटतात. विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घरांत, विशेषतः भाजी कच्ची खायची असल्यास, शेवटचे धुणे उकळून थंड केलेल्या पाण्याने करावे.

चिरणे नेहमी धुतल्यानंतरच असावे. चिरलेली भाजी धुतल्यास क जीवनसत्त्व व ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात आणि बाहेरचे जंतू कापलेल्या भागात शिरतात.

मीठ, सोडा आणि इतर उपाय

मिठाच्या कोमट पाण्यात फ्लॉवरचे तुरे दहा मिनिटे ठेवल्यास आतील अळ्या बाहेर पडतात. मिठाचा खरा उपयोग एवढाच. जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नये.

खाण्याच्या सोड्याविषयी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला. सोड्याच्या १ टक्का द्रावणात सफरचंदे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर दोन कीडनाशकांचे सालीवरील अंश मोठ्या प्रमाणात निघाले. मात्र सालीच्या आत मुरलेला भाग धुतला गेला नाही. १ टक्का म्हणजे एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, अंदाजे दोन लहान चमचे सोडा. सफरचंद, काकडी, सिमला मिरची अशा टणक सालीच्या फळभाज्यांसाठी हा उपाय करता येतो. नंतर साध्या पाण्याने धुणे आवश्यक आहे.

बाजारातील खास भाजी धुण्याच्या द्रवांबाबत अमेरिकेतीलच कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राने २०००च्या सुमारास केलेली तपासणी उद्‍बोधक आहे. नुसत्या नळाच्या पाण्याखाली धुणे त्या द्रवांइतकेच परिणामकारक आढळले. कपड्यांचा वा भांड्यांचा साबण भाजीला लावू नये. तो सालीत व पानांत मुरतो आणि पोटात जातो.

कच्च्या खाण्याच्या भाज्यांसाठी एक लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम क्लोरीन हे प्रमाण वापरले जाते. घरी असे द्रावण करायचे असल्यास खाद्यवापरासाठी विकले जाणारे थेंबच वेष्टनावरील सूचनेनुसार घ्यावेत आणि भाजी शेवटी पिण्याच्या पाण्याने धुवावी. शौचालयासाठीचे सुगंधी ब्लीच कदापि वापरू नये.

भाजीनुसार काळजी

कोबीची बाहेरील दोन-तीन पाने काढून टाकावीत. टोमॅटो उन्हातून आणून लगेच थंडगार पाण्यात बुडवू नयेत. गरम फळ थंड होताना देठाच्या जागेतून पाणी आणि त्यासोबत जंतू आत ओढते. बटाटा, रताळे, सुरण ब्रशने घासून धुवावेत. कलिंगड कापण्यापूर्वी त्याची साल धुवावी, अन्यथा सालीवरील घाण सुरीबरोबर गरात उतरते. उन्हाळ्यात मानकुराद आंबे अर्धा तास पाण्यात ठेवण्याची घरोघरीची पद्धत योग्यच आहे. ओठांची आग करणारा देठाजवळील चीक त्यामुळे धुतला जातो.

अळूची खाज मात्र धुण्याने जात नाही. ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे होते. त्यावर चांगले शिजवणे व चिंच किंवा अंबाड्यासारखा आंबट पदार्थ घालणे हाच उपाय. वारुळांवर उगवणारी रोवण अळमी अनेक पाण्यांतून धुवावी लागतात. पण अळमी विषारी असेल तर कितीही धुतले वा शिजवले तरी ती सुरक्षित होत नाही. म्हणून जाणकाराने ओळखलेलीच घ्यावीत.

साठवण

ओलसर भाजी फ्रिजमध्ये लवकर कुजते. धुतलेली पाने स्वच्छ सुती कापडावर पसरून कोरडी करावीत आणि कापडात वा कागदात गुंडाळून ठेवावीत. द्राक्षे व जांभळे खाण्याच्या वेळीच धुवावीत. कापलेली फळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावीत.

धुण्याची मर्यादा

नीट धुतल्याने पृष्ठभागावरील जंतू साधारणतः दहा ते शंभर पटींनी कमी होतात. ते पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. उरलेले काम उष्णता करते. खतखत्यात वा तांबड्या भाजीत शिजलेल्या भाजीचा धोका त्यामुळे अगदी कमी असतो. खरी काळजी कोशिंबीर, चटणी आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांची घ्यावी लागते. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना पावसाळ्यात कच्ची पालेभाजी देणे टाळावे. त्यांच्यासाठी काकडी धुऊन, साल काढून द्यावी आणि पालेभाजी शिजवूनच वाढावी.