रक्तदाबाची गोळी आणि कोरोनाची भीती

मार्च २०२० मध्ये रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना एक प्रश्न पडला: रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन अशा गोळ्यांमुळे कोरोना लवकर होतो का? शंका निराधार नव्हती. हा विषाणू एसीई-२ या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, आणि या गोळ्यांनी ते प्रथिन वाढल्याचे प्राण्यांवरील काही प्रयोगांत दिसले होते.

१३ मार्चला युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले, गोळ्या बंद करू नका. पुरावा मागाहून आला. इटलीतील लोम्बार्डीत कोरोनाच्या ६,२७२ रुग्णांची तुलना त्याच भागातील ३०,७५९ लोकांशी केली. रुग्णांमध्ये या गोळ्या घेणारे जास्त होते. पण मुळात हृदयविकारही त्यांच्यातच जास्त होते. तो फरक हिशेबात धरल्यावर गोळ्यांवरचा आळ टिकला नाही.

मग लागण झाल्यावर तरी गोळी थांबवावी का? ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ६५९ जणांपैकी सुमारे निम्म्यांची गोळी ३० दिवस थांबवून पाहिली. फायदा दिसला नाही.

गोळी अचानक सोडल्यास रक्तदाब चढतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून अशी बातमी वाचली, तर गोळी चालू ठेवा आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.