पांढरीच्या पोटात

परवा आमच्या शेजाऱ्याने बोअर घ्यायचं ठरवलं. आधी नारळवाला येऊन गेला, मग मशीनवाला आला. त्याने रानात एका ओळीत लोखंडाच्या चार सळ्या ठोकल्या, वायरी जोडल्या आणि आकडे लिहू लागला. "गुरुजी, जमिनीतलं ह्याला कसं काय कळतंय?" शेजाऱ्याने विचारलं. मी इतिहासाचा मास्तर, पण याचं उत्तर मला ठाऊक होतं. कारण हीच युक्ती इतिहासवालेही वापरतात.

बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये दाब मोजायचा. ओल्या मातीतून वीज सहज जाते, दगडापाशी अडते. सळ्यांमधलं अंतर वाढवलं की खोलवरचं कळतं. पाण्यासाठी त्या लांब लांब ठोकतात. पुरलेली भिंत शोधायला मीटरभर अंतर पुरतं. रानभर असे आकडे घेऊन कागदावर मांडले की भिंतीची रेघ, बुजलेला खंदक दिसू लागतो. कुदळ न मारता!

१९४६ साली इंग्लंडात डॉर्चेस्टरला रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी हे करून पाहिलं. तिथे खडीच्या खाणी जुने अवशेष गिळत चालल्या होत्या. १९५८ मध्ये वॉटर न्यूटनला रस्ता रुंद होण्याआधी मार्टिन एटकेन यांनी चुंबकत्व मोजून रोमन काळातली कुंभाराची भट्टी शोधली. भाजलेल्या मातीत चुंबकत्व टिकून राहतं, ते असं कामी आलं.

आता आपल्याकडे या. आपल्या गावाला काळी असते आणि पांढरी असते. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, त्यावर नवी उठली, राख-माती साचत गेली, ती पांढरी. आपल्या जवळचं तेर पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'तगर' म्हणून येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. तिथे मातीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या, म्हणून आज संग्रहालय आहे.

सगळ्या गावांना लामतुरे मिळत नाहीत. आमच्या शिरूर अनंतपाळच्या बाजूला एक जुनी पांढरी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, १९७५ च्या सुमारास, माळवदावर टाकायला मी तिथून दोन गाड्या माती आणली. चाळताना खापऱ्या निघाल्या, शंखाच्या बांगडीचे तुकडे निघाले. सगळं उकिरड्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडून सातवाहन शिकवले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

आज त्या पांढरीचा निम्मा भाग सपाट झाला आहे. उरलेल्यावर प्लॉटसाठी चुना पडला आहे. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम करता येत नाही, हे २०१० पासून कायद्यात आहे. पण यादीत नसलेल्या टेकाडाला कोण विचारतो? इंग्लंडात १९९० पासून बांधकामाच्या परवानगीआधी जमीन अशी तपासून घेण्याची रीत पडली.

या तंत्राला मर्यादा आहेतच. मातीत मातीची भिंत नीट उमटत नाही. आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय, तो गोंधळ घालतो. मे महिन्यात भेगाळलेल्या रानात सळ्या नीट लागत नाहीत. तरीही जेसीबी कुठे थांबवायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ. गेलेलं परत येत नाही.

मशीनवाला निघताना मी त्याला म्हटलं, "एक दिवस पांढरीवर येशील का?"

तो हसला. "गुरुजी, तिथं पाणी न्हाई लागायचं."

"पाणी नको रे बाबा," मी म्हणालो.

असो. तहसीलला द्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. तुमच्या गावालाही अशी पांढरी असेल, तर चुना पडण्याआधी एकदा जाऊन या.