गांधीबागेची अक्षरं किती? चार, आठ की चोवीस?

आज राजकारण नाही. आज आपल्याच अक्षरांचा इतिहास सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एक ताई भेटायला आल्या. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने घर घेताना जाहीर सूचना छापली होती. आता नवरा नाही, अन् दीर म्हणतो की सूचना निघालीच नव्हती. ती निघाली होती आमच्या तेव्हाच्या साप्ताहिकात. साप्ताहिक बंद पडलं, छापील अंकांना वाळवी लागली. माझ्याकडे उरल्या त्या काळातल्या पानांच्या सीडी. पण सूचनेचं वर्ष ताईंना आठवेना. २००२ असेल नाहीतर २००५.

सीडी लावली. फाइल उघडली. समोर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा!

तो कचरा मीच टाइप केलेला होता. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर मी गांधीबागेत कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर डीटीपी करायचो. खाली साड्यांचे गठ्ठे उतरायचे, वर आम्ही लग्नपत्रिका आणि साप्ताहिकाची पानं लावायचो. फॉन्ट होता कृतीदेव, कीबोर्ड जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या वळणाचा. त्यात 'नागपूर' लिहायचं तर यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही बटणं दाबायची. पडद्यावर नागपूर दिसायचं. पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजीच साठायचं. फॉन्ट म्हणजे फक्त मुखवटा होता. मुखवटा काढला की खाली मराठी नाहीच.

असं काहून झालं? सरकारने काही केलंच नव्हतं, असं नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. त्यांनी जिस्ट कार्ड काढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे मानक जाहीर केलं, क्रमांक आयएस १३१९४. एका बाइटमध्ये २५६ जागा असतात. पहिल्या १२८ इंग्रजीला ठेवून उरलेल्या जागांत आपली अक्षरं बसवली. रचना शहाणपणाची होती. 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. शिवाय देवनागरी, बंगाली, गुजराती, सगळ्यांच्या 'क'ला एकच क्रमांक.

पण कार्ड विकत घ्यावं लागे. फॉन्ट मात्र शेजारच्या दुकानातून फ्लॉपीवर यायचा. बाजाराने फॉन्ट निवडला. मग श्रीलिपी, शिवाजी, आकृती, सुरेख, योगेश... प्रत्येकाचा तक्ता वेगळा. एका प्रेसची फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये उघडत नसे. तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण शेवटी कागदावर छापूनच यायचं होतं. हे मी दोष म्हणून नाही, कबुली म्हणून सांगतो.

त्याच १९९१ मध्ये तिकडे युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीचा क्रम त्यांनी इस्कीवरूनच घेतला, फक्त प्रत्येक लिपीला वेगळा मोहल्ला दिला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. त्यात इंग्रजी अक्षर एका बाइटचं, आपलं तीन बाइटचं. विंडोज २००० बरोबर मराठीला युनिकोड आणि मंगल फॉन्ट मिळाला. तो र. कृ. जोशींनी रेखलेला. म्हणजे मी माळ्यावर कृतीदेव बडवत होतो, तेव्हा सोय येऊन बसली होती. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, सीमध्ये प्रोग्राम लिहितो, अर्ध्या तासाचं काम." लागले नऊ दिवस.

सी ही भाषा बाइट मोजते, अक्षरं नाही. त्याने मला दाखवलं. 'गांधीबाग' आपल्या डोळ्याला चार अक्षरं. युनिकोडला आठ चिन्हं, कारण काना, अनुस्वार, वेलांटी वेगळी. आणि सीमधल्या स्ट्रलेनला विचारलं तर उत्तर येतं २४!

सीमध्ये एका संकेतातून दुसऱ्यात मजकूर नेणारं आयकॉन्व्ह नावाचं तयार साधन आहे. ते इथे कामाचं नाही. त्याला आमची फाइल दाखवली तर ते म्हणणार, हे तर इंग्रजीच आहे, बदलू काय? म्हणून तक्ता हाताने भरावा लागला. त्यात 'के' हे बटण कधी काना असतं, तर कधी ध, भ, श, ण या अक्षरांचा उभा दांडा. आधी जोडी तपासायची, मगच काना म्हणायचं. ऱ्हस्व वेलांटी टायपिंगमध्ये अक्षराच्या आधी येते, ती उचलून मागे न्यायची, तीही अख्ख्या जोडाक्षराच्या मागे. नाहीतर 'स्थिती'ची स्थिती पाहवत नाही. रफाराचं उलटं. 'मार्केट'मधला रफार 'के'नंतर टाइप होतो, तो मात्रा ओलांडून क च्या आधी न्यायचा.

सगळं जमलं, पण 'क्रमांक' आणि 'प्रभाग' काही येईनात. दोन दिवस गेले. शेवटी सापडलं. 'क्र' आणि एका प्रकारचा 'प्र' हे १२७ च्या वरच्या जागांवर बसलेले. आपल्या साध्या पीसीवर सीचा 'कॅर' ऋण आकडेही धरतो. म्हणजे २१६ क्रमांकाचा 'क्र' त्याला उणे ४० वाटला, अन् तो तक्त्याच्या बाहेरच काहीतरी वाचत बसला. 'अनसाइन्ड' हा एक शब्द लिहिला आणि झालं.

"जुनाच फॉन्ट लावून नाव शोधायचं ना भाऊ," असं कोणी म्हणेल. तेच आधी केलं होतं. ताईंच्या नवऱ्याच्या नावात 'प्र' आहे. कृतीदेवमध्ये 'प्र' दोन तऱ्हेने टाइप होतो. दिसतो सारखा, पोटात वेगळा. मी एका तऱ्हेने शोधत होतो अन् टाइप करणाऱ्याने, म्हणजे कदाचित मीच, दुसरी वापरली होती. प्रोग्रामने दोन्हींचा एक 'प्र' केला, तेव्हा नाव सापडलं. २००४ चा अंक, पान तीन, मौजा आणि खसरा नंबर सकट.

वकील म्हणाले, सीडी चालणार नाही, छापील अंकच हवा. पण आता तारीख हाती होती. एका जुन्या वाचनालयाच्या बांधीव फाइलमध्ये ताईंना तो अंक मिळाला. प्रकरण अजून सुरू आहे.

आणि युनिकोड आलं म्हणून सगळं मिटलं असं समजू नका. प्रत्येक जाहीर सूचनेखाली 'ॲड.' असतो. हा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन भागवायचे, आजही देतात. दिसायला एक, शोधायला दोन.

सीडी अजून एकेचाळीस उरल्यात. त्यातल्या सहा वाचताच येत नाहीत. महाल, इतवारी, गांधीबागेत ज्यांनी २००० च्या आसपास डीटीपी केलं, त्यांच्या माळ्यावर अशा सीडी, फ्लॉप्या पडल्या असतील. भंगारात देण्याआधी मेसेज करा. फॉन्ट कोणता होता तेवढं आठवून ठेवा, तक्ता भाचा भरेल. त्याची परीक्षा संपली की.